सार्वजनिक जमिनीखालचे तेल: भाडेपट्टे वाढवून नेमके भले कोणाचे होणार?

न्यू जर्सीकर:
ह्यूस्टनच्या एका सदस्यांनी काल या मंचावर लिहिले की, अलास्काचे आर्क्टिक अभयारण्य आणि दोन्ही किनारे तेलकंपन्यांना खुले केले की पेट्रोल स्वस्त होईल आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधी आपल्या गाड्या विकाव्यात. गाड्यांचे राहू द्या, स्वस्ताईच्या दाव्याला मात्र उत्तर द्यावेच लागेल. ज्या बायडन सरकारने तेलउद्योगाचा गळा घोटला असे म्हणतात, त्याच्याच काळात अमेरिकेचे तेलउत्पादन २०२३ साली रोज सुमारे १ कोटी २९ लाख पिंपांवर गेले आणि २०२४ मध्ये त्याहूनही वाढले. दर जागतिक बाजारात ठरतो, आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जमिनी व समुद्र मिळून देशाच्या तेलाचा जेमतेम चतुर्थांश येतो. आर्क्टिक अभयारण्य खोदकामाला खुले करणाऱ्या २०१७ च्या कायद्याच्या वेळी तिथल्या भाडेपट्ट्यांच्या लिलावांतून शंभर कोटी डॉलरहून अधिक मिळतील असे सांगितले गेले. जानेवारी २०२१ मध्ये मिळाले सुमारे १ कोटी ४४ लाख, तेही बहुतांशी अलास्का राज्याच्याच एका संस्थेकडून. जानेवारी २०२५ च्या लिलावात तर एकही बोली आली नाही.

ह्यूस्टनकर:
बोली आली नाही, कारण वॉशिंग्टनच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरलेला नाही. ६ जानेवारी २०२५ रोजी बायडन यांनी साडेबासष्ट कोटी एकर समुद्र नव्या खोदकामाला बंद केला आणि २० तारखेला ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला. ज्या प्रकल्पातून तेल यायला दहा वर्षे लागतात, त्यात अशा परिस्थितीत पैसा कोण घालणार? शिवाय अभयारण्याच्या हद्दीतले एकमेव गाव काक्तोविक. तिथल्या इन्युपियाट या मूलनिवासी लोकांपैकी पुष्कळांना हे खोदकाम हवे आहे. २०१० मध्ये खोल समुद्रातले खोदकाम काही महिने थांबवले गेले, तेव्हा मी ज्या छोट्या कंपनीत होतो तिने माणसे कमी केली. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला तेव्हा नोकरी गेल्यावर देशात राहायला साठ दिवसांची सवलतही नव्हती. मुलीला शाळेतून काढून आम्ही पुण्याला परतलो. न्यू जर्सीत बसून धोरणे सुचवणाऱ्यांना ही किंमत कळत नाही.

लुइझियानाची रहिवासी:
तुमच्या कुटुंबाचे जे झाले त्याचे वाईट वाटते. पण ती बंदी का आली हे तुम्ही एका शब्दानेही सांगितले नाही, याचा मला संताप आहे. २० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या खोदकामाच्या तराफ्यावर स्फोट होऊन अकरा माणसे मेली आणि विहीर बंद व्हायला ८७ दिवस लागले. आमच्या गल्लीतल्या कोळंबी पकडणाऱ्या कुटुंबाने त्या हंगामात बोट बांधून ठेवली, ती पुढे विकलीच. समुद्रातल्या तेलावर कंपन्या सरकारला देतात त्या रॉयल्टीतून आमच्या राज्याला वाटा मिळतो आणि तो खचत चाललेला किनारा सावरण्यावर खर्च होतो, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

अल्बुकर्कीची शिक्षिका:
रॉयल्टीचा विषय निघालाच आहे, तर मूळ दुखणे तिथेच आहे. मी खोदकामाच्या विरोधात नाही; आमच्या न्यू मेक्सिकोतल्या शाळा त्याच पैशावर चालतात. परंतु फेडरल जमिनीवरचा दर १९२० पासून साडेबारा टक्के होता, तो २०२२ मध्ये सुमारे पावणेसतरापर्यंत नेला आणि २०२५ मध्ये पुन्हा साडेबारावर आणला. टेक्सास स्वतःच्या जमिनीवर पंचवीस टक्क्यांपर्यंत घेते, तरी तिथून कंपन्या पळालेल्या नाहीत. फेडरल जमिनीवरच्या रॉयल्टीतला निम्मा पैसा राज्याकडे येतो. म्हणजे ही सूट निम्मी आमच्या मुलांच्या वर्गातून जाते.

ह्यूस्टनकर:
आर्क्टिकमध्ये आणि टेक्सास-न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन तेलखोऱ्यामध्ये एकच दर लावता येत नाही. जिथे रस्ता नाही, नळवाहिनी नाही, तिथे सवलत लागते.

अल्बुकर्कीची शिक्षिका:
आर्क्टिकचे कोण बोलते आहे? पर्मियनमधल्या आमच्या ली आणि एडी परगण्यांत रस्ते आहेत, नळवाहिन्या आहेत, तेल कुठे आहे हेही ठाऊक आहे. तिथे सवलत कशासाठी?

न्यू जर्सीकर:
काक्तोविकबद्दल इतकेच सांगते, की पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबूंवर (रेनडिअरवर) जगणाऱ्या ग्विचिन या मूलनिवासी लोकांचा अनेक दशकांचा विरोध तुम्ही वगळलात. कळप पिलांना जन्म देतो तो याच किनारपट्टीवर. अभयारण्यातल्या गावाचे मत मोजायचे आणि कळपावर जगणाऱ्यांचे मोजायचे नाही, हे मला मान्य नाही. आता मुद्दा रॉयल्टीवर गेलाच आहे तर तिथेही उत्तर द्या.

ह्यूस्टनकर:
पर्मियनमधल्या फेडरल जमिनीवर सवलतीची गरज नाही, एवढे मान्य करतो. त्यावरून खोदकामच नको असा निष्कर्ष निघत नाही.

अल्बुकर्कीची शिक्षिका:
तो मी काढलेलाच नाही. तुमच्या खासदारांना एवढेच लिहून कळवा. आम्ही आमच्या खासदारांना लिहिले आहे, पण टेक्सासमधल्या तेलउद्योगातल्या माणसाचे पत्र अधिक गांभीर्याने वाचले जाईल.