शोहाकूच्या ड्रॅगनशेजारी मुराकामी: परंपरा दिसते की नुसती टांगली जाते?

कुंचला:
समकालीन जपानी कलेचं प्रदर्शन परदेशात लागलं की 'परंपरेत रुजलेली' हे विशेषण ठरलेलंच. ते खरं की खोटं हे बघणाऱ्याने तपासायचं कसं? भिंतीवर फक्त नवी चित्रं असतात आणि परंपरा राहते कॅटलॉगच्या प्रस्तावनेत. म्हणूनच बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये २०१७-१८ साली झालेलं ताकाशी मुराकामीचं प्रदर्शन मला फार मोलाचं वाटतं. कला-इतिहासकार नोबुओ त्सुजी यांच्या सोबतीने ते उभं राहिलं होतं. त्सुजींनी १९७० साली एदो काळातल्या (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या) विक्षिप्त, बाजूला पडलेल्या चित्रकारांवर पुस्तक लिहिलं आणि शोहाकू, जाकुचू ही नावं पुन्हा लोकांसमोर आणली. बोस्टनमध्ये संग्रहालयातली जुनी चित्रं आणि मुराकामीची नवी चित्रं एकत्र मांडली होती.

सोगा शोहाकूचा १७६३ सालचा ड्रॅगन घ्या. एकूण आठ पट, रुंदी पावणेअकरा मीटरच्या आसपास, कागदावर नुसती काळी शाई. बटबटीत डोळे, लांब मिशा, अंगावर येणारी नखं. शेपटीकडे शाईचे असे रुंद फटकारे आहेत की ढग कुठे संपला आणि लाट कुठे सुरू झाली ते कळत नाही. त्यावरून मुराकामीने २०१० साली काढलेला लाल ड्रॅगन १८ मीटरचा आहे. 'एकदा स्वतःच्या हाताने काहीतरी काढ की' असं त्सुजींनी सुनावल्यावर वैतागून तो काढला, हे त्या चित्राच्या लांबलचक शीर्षकातच लिहिलेलं आहे. मूळ चित्र शेजारी असेल तर तुलना टाळताच येत नाही. चित्रकाराने स्वतःहून ही परीक्षा ओढवून घेतली, याचा मला आदर वाटतो.

लाखकाम:
अजिबात पटलं नाही. ड्रॅगनसारखा ड्रॅगन काढला म्हणजे परंपरा आली का? परंपरा हातात असते, साहित्यात असते. शोहाकूची शाई कागदाने एकदा शोषली की संपलं, फटकारा मागे घेता येत नाही. मुराकामीचा ड्रॅगन कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये आहे, हवं तर त्यावरून पुन्हा रंग फिरवता येतो. एरवी त्याची कामं स्टुडिओतल्या सहायकांच्या मोठ्या फौजेकडून होतात, आणि २००३ पासून लुई व्हिटॉनच्या पर्सांवरही तो झळकला.

परदेशात परंपरा दाखवायचीच असेल तर ब्रिटिश म्युझियमने २००७ साली दाखवली तशी दाखवा. आधुनिक जपानी हस्तकलेचं प्रदर्शन होतं ते: मातीची भांडी, कापड, धातू, बांबू आणि लाखेचं काम. उरुशी, म्हणजे झाडाच्या चिकाची जपानी लाख, वाळते ती दमट हवेत. एक थर द्यायचा, तो घट्ट होईपर्यंत थांबायचं, घासायचं, मग पुढचा थर. ही कौशल्यं टिकावीत म्हणून जपानने १९५० सालच्या सांस्कृतिक वारसा कायद्याच्या आधारे 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' असा मान द्यायला सुरुवात केली. तिथे परंपरेचा दावा करावा लागत नाही, ती वस्तूतच दिसते.

कुंचला:
लाखकाम, उरुशीबद्दल तुम्ही लिहिलंय ते सगळं मान्य. पण सहायकांचा मुद्दा टिकत नाही. ज्या एदो काळाचं आपण इतकं कौतुक करतो, त्यातल्या लाकडी ठशांच्या छापचित्रांचं काय? चित्र एकाचं, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसा प्रकाशकाचा. हिरोशिगेची दृश्यं अशीच घडली. आणि शोहाकू तरी कुठल्या गुरुपरंपरेतून सरळ आला? त्याच्या कितीतरी आधीच्या मुरोमाची काळातल्या सोगा जासोकू या चित्रकाराचा आपण दहावा वंशज, असं तो स्वतःच म्हणवून घेत असे. वारसा असा निवडूनही घेता येतो, आणि घेतल्यावर तो पेलला का, एवढंच बघायचं असतं. मुराकामी काही हवेतून आलेला नाही. तोक्योच्या राष्ट्रीय कला विद्यापीठातून निहोंगा, म्हणजे पारंपरिक रंगसाहित्याच्या जपानी चित्रपद्धतीत, त्याने १९९३ साली डॉक्टरेट घेतली आहे.

दूरदेशी:
तुम्ही दोघं चित्राबद्दल बोलताय, मला जागेबद्दल बोलायचंय. शोहाकूचा ड्रॅगन बोस्टनमध्ये का आहे? अमेरिकन संग्राहक विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी जपानमध्ये जमवलेला प्रचंड संग्रह १९११ साली त्या संग्रहालयाला दिला म्हणून. याच संग्रहालयाने १९३२ साली किबी नावाच्या जपानी मंत्र्याची गोष्ट सांगणारी प्राचीन चित्रगुंडाळी विकत घेतली तेव्हा जपानमध्ये इतका गहजब झाला की पुढच्याच वर्षी कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. २०१५ साली तिथेच फ्रेंच चित्रकार मोनेच्या, किमोनो घातलेल्या स्त्रीच्या चित्रासमोर प्रेक्षकांना किमोनो घालून बघायला दिले, त्यावरून निदर्शनं झाली आणि तो कार्यक्रम बदलावा लागला. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवलं की प्रश्न पडतो: दोन वर्षांनी आलेल्या जिवंत जपानी चित्रकारामुळे जुन्या संग्रहाचीच प्रतिमा उजळली नाही का? मुराकामीच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. त्याला भिंत कोण देतं आणि का देतं, हे मात्र विचारलंच पाहिजे.

गेरू:
मी स्वतः चित्रं काढते, म्हणून नकलेबद्दल लिहिते. जपानी चित्रशिक्षणात जुन्या चित्राची बरहुकूम नक्कल करणं हा अभ्यासाचा गाभा आहे. त्यासाठी तिथले चित्रकार आपल्या अजिंठ्यापर्यंत आले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अराई काम्पो यांनी लेण्यांमध्ये बसून भित्तिचित्रांच्या प्रती काढल्या. त्यांना हे साहित्य परकं नसणार, कारण अजिंठ्यातले रंगही बहुतांशी खनिज आणि निहोंगातलेही खनिज, दोन्हीकडे ते डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले. नक्कल करताना बोटांना जे समजतं ते बघून समजत नाही. मुराकामीचा लाल ड्रॅगन मला तसाच अभ्यास वाटतो, फक्त १८ मीटरचा आणि सगळ्यांसमोर केलेला. त्यातले ओघळ आणि शिंतोडे त्याने पुसून साफ केले नाहीत, हे मला विशेष आवडतं.

लाखकाम:
गेरू, अभ्यास म्हणताय तर मी अर्धं पाऊल पुढे येतो. पण मग तो शाईत का नाही केला? कागदावर, पुसता न येणाऱ्या शाईत, शोहाकूच्याच मापाने. ज्याच्याकडे निहोंगाची डॉक्टरेट आहे त्याच्याकडून ही अपेक्षा जास्त नाही. आणि अशा प्रदर्शनात तिसरी भिंतही हवी: आज हयात असलेल्या, खनिज रंग आणि सरसात काम करणाऱ्या जपानी चित्रकारांची. परदेशी प्रेक्षक अठराव्या शतकातून थेट मुराकामीच्या हसऱ्या फुलांवर उडी मारतो, मधला सगळा प्रवाह त्याला दिसतच नाही.

कुंचला:
तिसऱ्या भिंतीला माझा पूर्ण पाठिंबा. शाईच्या अटीला नाही. शोहाकूच्या मापाने, शोहाकूच्याच शाईत काढलेला ड्रॅगन बघायला मी बोस्टनला कशाला जाईन? तो तिथे १९११ पासून आहेच.