आईच्या बोटाचा ठसा फोन घेतच नाही, साईडचा सेन्सर बरा की डिस्प्लेतला?

बागवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. आईला दिवाळीत फोन घेतला, डिस्प्लेच्या आत फिंगरप्रिंट आहे तसला. माझं बोट टेकलं की लगेच उघडतो, आईचं काही केल्या घेत नाही. आमची द्राक्षबाग आहे, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी सगळ्यात ती असते, वर घरची भांडी धुणी, बोटं पार गुळगुळीत झालीत, रेशनच्या मशीनवर पण तिची हीच बोंब. पॅटर्न ठेवला तर विसरते आणि मग म्हणते ते लॉकच काढून टाक, पण त्यात बँकेचं ॲप आहे ओ. माझा जुना फोन साईडच्या बटणावर सेन्सर असलेला आहे, तो तिला देऊन हा मी वापरू का? आणि शेजारचे काका म्हणतात फोनला बोट दिलं की ते आधारला जोडलं जातं आणि खातं साफ होतं, यात किती तथ्य?

सर्किट_पुणे
काकांनी दोन वेगळ्या गोष्टींची भेळ केलीये. फोनमधला ठसा फोनमध्येच राहतो, तो पण फोटो म्हणून नाही तर त्यातून काढलेली आकड्यांची माहिती, आणि तीही प्रोसेसरच्या वेगळ्या बंद कप्प्यात. बँकेच्या ॲपला बोट दिसतच नाही, त्याला फोनकडून फक्त एवढंच कळतं की ठसा जुळला. आधारचे ठसे वेगळे, ते आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या सर्व्हरवर असतात आणि आधारवरून पैसे काढायच्या मशीनवर बोट लावलं की तिथे तपासले जातात. सिलिकॉनची खोटी बोटं करून पैसे काढल्याच्या बातम्या येतात त्या या मशीनवरच्या. त्याची काळजी असेल तर आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून ठेव, रेशनला जायच्या आधी तेवढं उघडायचं.

आता सेन्सर. साईडचा असतो तो कॅपॅसिटिव्ह, बोटावरच्या रेघा पट्टीला टेकतात, मधल्या खाचांत हवा राहते, त्या फरकावरून नकाशा बनतो. रेघा झिजल्या की फरक कमी, आणि बोट ओलं असलं की खाचांत पाणी भरतं मग त्याला सगळं सारखंच दिसतं. डिस्प्लेतला बहुतेक ऑप्टिकल असतो, स्क्रीन तेवढ्या जागी उजेड पाडते आणि खालचा छोटा कॅमेरा फोटो काढतो. कोरडं, भेगा पडलेलं बोट काचेला नीट चिकटत नाही म्हणून फोटो फिका येतो. तिसरा अल्ट्रासोनिक, आवाजाच्या लहरींवर चालतो, ओल्या बोटाला त्यातल्या त्यात बरा, पण तो जास्त करून महागड्या फोनात. झिजलेल्या बोटाला माझं मत साईडचाच, फक्त पट्टी अरुंद असते म्हणून रजिस्टर करताना बोट सगळ्या बाजूंनी फिरवून द्यायचं.

मोबाईल_डॉक्टर
दुकानात रोज बघतो म्हणून सांगतो, निम्म्या वेळा दोष बोटाचा नसतोच, स्क्रीनवर चिकटवलेल्या ग्लासचा असतो. डिस्प्ले सेन्सरवर जाड टेम्पर्ड लावली किंवा ती मधे उचलली गेली की संपलं. आणि ग्लास बदलल्यावर जुने ठसे पुसून परत घ्यायचे हे कोणी करतच नाही. २०१९ मध्ये गॅलेक्सी एस१० ला तर उलटंच झालं होतं, काही सिलिकॉनची कव्हरं लावली की कुणाच्याही बोटाने फोन उघडायचा, कंपनीला अपडेट काढावं लागलं.

भाऊ आईचा अंगठा सोडून दे. अंगठा आणि पहिली बोटं सगळ्यात जास्त झिजतात. डाव्या हाताची करंगळीच्या शेजारची अनामिका घे, ती कामात कमी येते. रात्री हाताला खोबरेल लावून सकाळी पुसून मग रजिस्टर कर, आणि फोन घेत असेल तर तेच बोट दोन जागी सेव्ह कर 😄 बहुतेक अँड्रॉइडमध्ये चार-पाच जागा असतात.

नर्सताई
यात अजून एक, रेघा कायमच्या जात नाहीत. वरची कातडी घासते, नक्षी खालच्या थरात असते त्यामुळे हाताला आराम मिळाला की काही आठवड्यात परत वर येते. म्हणजे बागेचं काम सरल्यावर पुन्हा रजिस्टर करून बघा. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे कॅपेसिटाबीनच्या केमोच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही तळहाताची कातडी सोलते आणि ठसे पुसट होतात, तेव्हा फोनशी भांडत बसू नका, पिन ठेवा.

जुनाखोड
मी तर म्हणतो बोट नकोच. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? २०१३ ला आयफोन ५एस आला आणि जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या गटाने थोड्याच दिवसात काचेवरचा ठसा उचलून नकली बोट केलं आणि तो उघडून दाखवला. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाने तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा नुसत्या फोटोंवरून तयार केला. आणि घरात पोरं असली तर झोपलेल्या माणसाचं बोट टेकवायला कितीसा वेळ लागतो.

सर्किट_पुणे
जुनाखोड काका, तासगावात आईच्या फोनसाठी कोण लॅब लावून बसणारे. तिथला खरा धोका लॉकच नसण्याचा आहे. ॲपलनेच टच आयडीचा, म्हणजे आयफोनच्या बोटाच्या सेन्सरचा, आकडा दिलाय की परक्या माणसाचं एखादं बोट चुकून जुळायची शक्यता ५० हजारात एक, आणि चार आकडी पिनचे प्रकारच मुळात १० हजार. झोपेतल्या बोटाचा मुद्दा मात्र बरोबर. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये लॉकडाऊन म्हणून पर्याय असतो, सेटिंगमध्ये चालू करून ठेवला की पॉवरच्या मेनूत दिसतो, तो दाबला की पुढच्या वेळी पिनशिवाय उघडत नाही.

पण बागवाला, पिन आईला पाठ करायलाच लावा. फोन बंद करून चालू केला की बोट चालतच नाही, आणि अधूनमधून तो स्वतःहूनही मागतो. तुमचं पण एक बोट तिच्या फोनमध्ये टाका, फक्त ध्यानात ठेवा की ज्याचं बोट फोनमध्ये त्याला बँकेचं ॲपही उघडतं. नवीन बोट टाकलं की बरीच बँकेची ॲप्स परत पिन मागतात, घाबरू नका, ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

बागवाला_तासगाव
ग्लास काढली आणि अनामिका दोनदा टाकली. कोरड्या हाताने घेतोय, भांडी घासून आली की नाही. पिन लग्नाच्या तारखेचा ठेवूया म्हणतेय, चालेल का?

मोबाईल_डॉक्टर
लग्नाची तारीख अख्ख्या गावाला माहीत असते भाऊ. तिला पाठ असलेला दुसरा एखादा आकडा घे, आणि तरीही त्रास जास्तच वाटला तर तुझा जुना साईडवाला एक आठवडा वापरायला देऊन बघ, लगेच नवीन घ्यायची घाई करू नको. त्या बटणाच्या खाचेत मळ साचलेला असेल, आधी कोरड्या कपड्याने पुसून घे.