रसभंग, विरजण की मिठाचा खडा?

प्रश्न:
कलाकाराचं खासगी वागणं कळल्यावर त्याची कला पूर्वीसारखी गोड लागत नाही, याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? ‘रसभंग’ लिहून पाहिलं, पण पटेना. मैफिलीत मोबाइल वाजला की रसभंग होतो आणि तो बंद झाला की गाणं पुन्हा रंगतं. इथे तसं होत नाही. माझ्याकडे वडिलांच्या वेळची एका गायकाची कॅसेट आहे. त्याने बायकोला कसं वागवलं ते वाचल्यापासून ठुमरीतली आर्जवाची ओळ आली, की माझं बोट आपोआप कॅसेट पुढे पळवायच्या बटणावर जातं. सुरात कुठे काही उणं नाही, तरीही. शिवाय, ‘कलाकाराचं चरित्र आड येतं’ म्हणावं की ‘चारित्र्य’?

प्रतिसाद:
चरित्र म्हणजे जीवनकथा. शील या अर्थाने हिंदीत चरित्र म्हणतात, त्यामुळे गल्लत होते. पण ‘चारित्र्य’ही मला अपुरा वाटतो. बोलण्यात तो स्त्री-पुरुष संबंधांपुरता उरलाय, नाहीतर नोकरीसाठी लागणाऱ्या दाखल्यापुरता. जर्मन संगीतकार वाग्नरने 1850 मध्ये टोपणनावाने ज्यूंविरुद्ध विखारी लेख लिहिला आणि 1869 मध्ये तोच वाढवून स्वतःच्या नावाने छापला. याला चारित्र्यदोष म्हणणं फार मवाळ होईल. सरळ ‘वागणं’ किंवा ‘करणी’ म्हणा.

मूळ प्रश्नासाठी स्वयंपाकघरात दोन शब्द आहेत. उत्साहावर ‘विरजण पडलं’ म्हणतो आणि दुधात ‘मिठाचा खडा पडला’ असंही म्हणतो. आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण मिठाने दूध नासतं आणि विरजणाने त्याचं दही होतं. हा फरक इथे उपयोगी पडेल. इटालियन चित्रकार काराव्हाज्योने 1606 मध्ये रोममध्ये एकाचा जीव घेतला आणि तो परागंदा झाला. पुढे त्याने बायबलमधल्या डेव्हिडच्या हातात राक्षसी योद्धा गोलियाथचं कापलेलं मुंडकं रंगवलं. त्या मुंडक्याचा चेहरा काराव्हाज्योचा स्वतःचाच आहे असं मानतात. त्याने खून केला हे माहीत असलं की ते अर्धवट उघडं तोंड जास्तच अंगावर येतं. चित्र नासत नाही, त्याचं दुसरंच काही होतं. हे विरजण.

प्रतिसाद:
उपमा आवडली, पण नासतं ते काय? 2001 मध्ये इस्रायलमध्ये, जेरुसलेमला, वाद्यवृंद-संचालक बारेनबोइम यांनी मुख्य कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना विचारून वाग्नर वाजवला. काही जण संतापून उठून गेले, बाकीचे बसून राहिले. स्वर सगळ्यांच्या कानी तेच पडणार होते. काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने सात रसविघ्नं, म्हणजे रसास्वादातले अडथळे, सांगितली आहेत. त्यांतलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे रसिक स्वतःच्याच सुखदुःखाच्या ताब्यात असणं. नाझी छळछावणीत आईबाप गमावलेल्या माणसाला हे विघ्न येणारच. त्याला ‘अरसिक’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून ‘रसविघ्न’ हा शब्द सुचवतो.

प्रश्नकर्ती:
‘रसविघ्न’ लेखात नक्की वापरीन, बोलताना मात्र तोंडात बसणार नाही. काल आईला विचारलं. ती चटकन म्हणाली, “तो मनातून उतरला.” माणसासाठी हे अचूक आहे. पण मी अडले आहे ती गाण्यापाशी, कारण गाणं मनातून उतरलेलं नाही. बटण दाबल्यावरही ती ओळ डोक्यात पुरी होतेच. मग आईच म्हणाली, “विटलं म्हण.” आमच्याकडे पुष्कळदा धुतलेल्या लुगड्याचा रंग विटतो. पोत, काठ शाबूत असतात आणि लुगडं कोणी टाकून देत नाही, पण नेसून लग्नाला जात नाही. माझ्या कॅसेटचं नेमकं हेच झालंय. ‘मन विटलं’ सगळीकडे म्हणतात, पण रंगासाठी ‘विटणे’ तुमच्याकडे अजून बोलण्यात आहे का?