शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना आत्मसंरक्षणासाठी मागावा का?

कलमवाला, देवगड

वडील गेल्यानंतर त्यांची एकनळी बंदूक आम्ही पोलीस ठाण्यात जमा केली आणि आता वारस म्हणून मला परवान्यासाठी अर्ज करावयाचा आहे. मूळ परवाना शेतीसंरक्षणाचा होता. गावातील दोघा जाणत्यांनी सल्ला दिला, की अर्जात ‘आत्मसंरक्षण’ हेही कारण घालावे, कारण वाडीतील अकरा घरांपैकी सात घरे गणपती आणि शिमगा सोडल्यास कुलूपबंद असतात आणि हाकेच्या अंतरावर माणूस नसतो.

मला हा सल्ला पटलेला नाही. रानडुकरे भातात शिरतात तेव्हा मांगरात राखणीला बसलेला माणूस जागा असतो, बंदूक त्याच्या हातात असते आणि समोर काय आहे हे विजेरीच्या उजेडात पाहण्याइतका वेळही त्याला मिळतो. चोर मात्र माणूस झोपेत असताना येतो. त्या वेळी बंदूक कपाटात आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात असतात, आणि ती तशीच असली पाहिजेत. ती भरून उशाशी ठेवावी, तर मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या नातवंडांना तिचा धोका चोरापेक्षा अधिक. म्हणजे नियम पाळला तर ती वेळेवर उपयोगी पडत नाही आणि उपयोगी पडावी म्हणून तयार ठेवली तर नियम मोडतो. नोंदणीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. परवान्याला मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक आणि देशभराची एकत्रित नोंद यांत मला जाच दिसत नाही.

सड्यावरची, राजापूर तालुका

आपल्या घरात नातवंडे येतात, आमच्या घरात मी आणि माझी ऐंशी वर्षांची आई एवढ्या दोघीच असतो. जुलैच्या रात्री रस्त्यावर झाड आडवे पडले, वीज गेली आणि मोबाइलची रेंजही गेली, की पोलीस ठाणे वीस किलोमीटरवर असले काय आणि दोनशेवर असले काय, आम्हाला सारखेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे, सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क राहत नाही. आमच्याकडे तो वेळ नसतो, हाच तर प्रश्न आहे. त्याच संहितेचे कलम ४१ सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध, अगदी त्याचा जीव जाईपर्यंतच्या प्रतिकाराचा हक्क देते. हक्क कागदावर द्यायचा आणि त्याचे साधन मागणाऱ्या बाईकडे संशयाने पाहायचे, हे मला मान्य नाही.

शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ (आपण कलमवाले आहात, हेही कलम पाहावे) किमान वीस इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत (बिनआट्यांच्या) नळीच्या बंदुकीसाठी संरक्षण हे कारण स्पष्ट शब्दांत मान्य करते. शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक सांगितली आहे. ती अपुरी आहे अशी खात्री पटली, तरच दुसरी. तेव्हा आत्मसंरक्षण हे मागच्या दाराने घुसवलेले कारण नव्हे.

सेवानिवृत्त महसूल कर्मचारी, कुडाळ

दोघांचेही वाचले. परवान्यांच्या फायली मी बरीच वर्षे हाताळल्या आहेत, म्हणून थोडे नोंदणीविषयी लिहितो. अधिकृत बंदुकीचा माग लागतो. ती कोणाची, कोणत्या बनावटीची, काडतुसे किती घेतली आणि वारस कोण, हे सारे सापडते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडेही नाव नोंदवावे लागते, हे राधानगरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, देव जाणे. जिची नोंदच नाही अशी गावठी ठासणीची बंदूक मात्र कोणत्याच वहीत नसते. रात्री शिकारीला गेलेल्या टोळक्यात आपल्याच सोबत्याला बार लागतो, तेव्हा हत्यार पुष्कळदा असलेच निघते.

निवडणूक आली, की सगळ्यांच्या बंदुका सरसकट जमा करून घेण्याची सवय मात्र चुकीची आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने ज्याच्याविषयी कारण दिसते त्याचीच बंदूक घ्यावी, अशी अपेक्षा आहे. नोंद आहे म्हणून जो सहज सापडतो त्यालाच आधी हेलपाटे घालायला लावले, तर लोक नोंदणीलाच कंटाळतील.

खाडीकाठ, श्रीवर्धन

आमच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये स्फोटके आणि शस्त्रे उतरली, तेव्हा कोणती नोंदवही आडवी आली? १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र ठेवण्यासाठी केला आणि खुद्द गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात त्याला इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरवले. अमेरिकेत तर १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही तयार करण्यासच मनाई केली आहे. सरकारकडे यादी असली, की एक दिवस जप्ती येते.

कलमवाला, देवगड

शेखाडीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तो माल समुद्रातून चोरून आला होता आणि त्याविरुद्ध माझ्या पडवीतील एकनळी काय करणार होती? ते काम सीमाशुल्क खात्याचे आणि किनाऱ्यावरील गस्तीचे. १८७८ च्या कायद्यात गोऱ्यांना सूट आणि आपल्याला बंदी होती, राग त्या भेदाचा होता. १९५९ चा अधिनियम तसा भेद करीत नाही. अमेरिकेतील मनाईचा परिणामही पाहावा. गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणाची, हे शोधण्यासाठी तेथील कर्मचाऱ्यांना वेस्ट व्हर्जिनियातील केंद्रात बंद पडलेल्या दुकानांच्या कागदांची पाने चाळावी लागतात, कारण नावानुसार शोध घेता येईल अशी यादी ठेवण्यासच बंदी आहे. जप्तीची भीती मी समजू शकतो, पण ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या, त्या मोबदला देऊन.

सड्यावरच्या ताईंना मात्र माझ्याकडे पुरे उत्तर नाही. माझा युक्तिवाद भरल्या घराचा होता, त्यांचे घर रिकामे आहे.

रानवाट, दोडामार्ग

एक दुरुस्ती सुचवतो. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वेगळी लेखी परवानगी लागते. गव्याला बार घातला तर प्रकरण फारच महागात पडेल. आमच्याकडे हत्ती आहेत, तेथे तर बंदुकीपेक्षा फटाकेच वाजतात.

सड्यावरची, राजापूर तालुका

कलमवाल्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून मीही लिहिते. मी अर्ज करणार आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागेल, ते घेईन. अर्ज नाकारला तर लेखी कारण मागेन आणि अपील करीन. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा मुद्दा मात्र मला रात्रभर छळत राहिला. आमच्या घराला दोनच खोल्या आहेत आणि दुसरीत आई झोपते.