आक्रा येथील एन्क्रुमा स्मारकातील शिरविरहित पुतळा

पांथस्थ :
नोकरीनिमित्त घानात आहे. राजधानी आक्रातील क्वामे एन्क्रुमा स्मारक उद्यान व संग्रहालय नुकतेच पाहिले. संगमरवरी समाधी आणि तिच्यासमोरचा ब्रॉन्झचा पुतळा भव्य आहे. मात्र त्याच आवारात शिर नसलेला आणखी एक पुतळा आणि शेजारच्या चौथऱ्यावर त्याचे तुटलेले डोके पाहून मी थबकलो. राष्ट्रनिर्मात्याच्या समाधीपाशी ही विटंबना मुद्दाम का जपली असावी?

जुनी_वही :
तो पुतळा पूर्वी जुन्या संसदभवनासमोर होता. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कर व पोलिसांनी सत्ता उलथवली आणि जमावाने पुतळा फोडला. डोके एका नागरिकाने इतकी वर्षे सांभाळले आणि २००९ मध्ये सरकारच्या स्वाधीन केले. ते धडावर पुन्हा बसवता आले असते. बसवले नाही, हे मला त्या उद्यानातील सर्वांत प्रामाणिक काम वाटते.

मावळतीकर :
प्रामाणिक खरे, पण निम्मेच. जमाव एवढा का खवळला होता, हे १९५८ चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आणि १९६४ पासूनची एकपक्षीय राजवट लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. ज्या पक्षाच्या सरचिटणीसपदासाठी एन्क्रुमा १९४७ मध्ये मायदेशी परतले, त्याच पक्षाचे एक संस्थापक जे. बी. डान्क्वा १९६५ मध्ये त्यांच्याच तुरुंगात वारले.

जुनी_वही :
आक्षेप मान्य आहे. तरीही जागेचे महत्त्व विसरू नये. हे ब्रिटिशांचे पोलो मैदान होते आणि ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री एन्क्रुमांनी स्वातंत्र्याची घोषणा येथेच केली. १९७२ मध्ये बुखारेस्टला निधन झाल्यावर त्यांचा देह आधी गिनीत, मग जन्मगाव एन्क्रोफुल येथे आणि अखेर १९९२ मध्ये, उद्यान उभारल्यावर, या मैदानात आला.

पांथस्थ :
दोघांचेही आभार. डान्क्वांविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. पुन्हा जाईन तेव्हा संग्रहालयातील छायाचित्रांत त्यांना शोधीन.