मदत हवी आहे: आईच्या थायरॉइडच्या 'ग्लँड्युलर' कॅप्सूल बंद करू का?

विश्रामबागकर: आई ६१ वर्षांची. दीड महिना ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूल घेतेय, रोज दोन. आठवडाभर धडधड, हात थरथरतात, झोप नाही. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) ०.०४ आलाय, म्हणजे खूप कमी. बंद करू की एकावर आणू? लवकर सांगा.

औषधवाला: थायरॉक्सिन, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली थायरॉइड हार्मोनची गोळी, चालू आहे का? डबीवर काय लिहिलंय, जसंच्या तसं टाका.

विश्रामबागकर: हो, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालूच आहे. डबीवर बोव्हाइन थायरॉइड १३० मिग्रॅ, 'थायरॉक्सिन-फ्री', केल्प, बायोटिन ५००० मायक्रोग्रॅम.

औषधवाला: हे आधी सांगायला हवं होतं. टीएसएच इतका कमी म्हणजे बहुधा थायरॉइडचं हार्मोन जादा झालंय. कॅप्सूल आजच बंद. ७५ची गोळी मात्र मनाने कमी-जास्त करू नका, ते डॉक्टरच ठरवतील. ग्लँड्युलर म्हणजे जनावराची वाळवलेली ग्रंथी, बोव्हाइन म्हणजे गाय-बैलाची. थायरॉक्सिन-फ्री लिहिलं तरी आत टी३ हे दुसरं थायरॉइड हार्मोन असू शकतं. डुकराच्या ग्रंथीची औषधी गोळी असते, तिच्या ६० मिग्रॅमध्ये ३८ मायक्रोग्रॅम टी४ (म्हणजेच थायरॉक्सिन) आणि ९ मायक्रोग्रॅम टी३ असं प्रमाण ठरलेलं असतं. सप्लिमेंटला तसं बंधन नाही. वर केल्पचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं, आयोडीन; तेही थायरॉइड बिघडवू शकतं.

भडंगप्रेमी: झोपेसाठी रात्री दुधातून अश्वगंधा द्या.

औषधवाला: अजिबात नको! अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन आणखी वाढू शकतं.

लॅबवाला_मिरज: बायोटिन या जीवनसत्त्वामुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. ७२ तास बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त द्या, मगच काय ते ठरवा.

औषधवाला: रक्त पुन्हा द्याच, पण तोवर थांबायचं कशाला? धडधड काही बायोटिनने होत नाही. या वयात जादा हार्मोनने हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यातून पक्षाघाताचा धोका. ईसीजी आजच काढा. नाडी पूर्ण मिनिटभर मोजून सांगा.

घाटमाथा: थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचं, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचं.

लॅबवाला_मिरज: त्यांनी ते विचारलेलं नाही.

विश्रामबागकर: नाडी ११८, मध्येच एखादा ठोका चुकतो. आणि आई माळकरी आहे हो. बोव्हाइनचा अर्थ कळला असता तर डबी घरात आलीच नसती.

औषधवाला: मग आत्ताच निघा, मिरजेत इमर्जन्सीला दाखवा. डबी, रिपोर्ट सोबत घ्या, शेवटची कॅप्सूल किती वाजता घेतली तेही लिहून न्या. छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर १०८ लावा. टी३ काही दिवसांत उतरतं, पण टीएसएच पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. डोस ठरला की सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा.

विश्रामबागकर: रिक्षा आली. निघालो.