फळबागायतदारांना जंतूंचा धोका कसा पटवायचा?

बागेतला मास्तर: फळबागायतदारांना अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण देतो. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. जंतूंचा विषय निघाला की मात्र मोबाइल बाहेर येतात. "आम्ही फळ धुऊनच देतो की" हे उत्तर ठरलेलं. न दिसणारी गोष्ट पटवायची कशी?

पॅकहाउसवाली: मास्तर, हॉल सोडा आणि सगळ्यांना धुण्याच्या टाकीपाशी उभं करा. "धुऊनच देतो" यातच खरी गोम आहे. उन्हातलं तापलेलं फळ गार पाण्यात पडलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढलं जातं. पाण्यात जंतू असले तर तेही आत जातात. मग वरून कितीही चोळा!

मी उन्हात तापवलेली सफरचंदं रंगीत बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवते आणि नंतर सगळ्यांसमोर उभी कापते. एखाद्यात जरी गाभ्यापर्यंत रंग उतरलेला दिसला तरी पुढचं भाषण वाचतं. १९९९ साली अमेरिकेत आंब्यांतून साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू पसरला, तेव्हा संशय इथेच गेला होता: फळमाशी मारण्यासाठी गरम पाण्यात बुडवलेले आंबे नंतर गार पाण्यात टाकले होते.

म्हणून फळ आधी सावलीत निवू द्या. टाकीतलं पाणी फळापेक्षा पाचेक अंश गरम असलेलं बरं. क्लोरीन वापरत असाल तर पाण्याचा सामू (pH) ६.५ ते ७.५ मध्ये ठेवा. पाण्यात माती-पाला साचला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, तेव्हा क्लोरीन तपासायची पट्टी बुडवून मोजा. वास येतोय म्हणजे क्लोरीन पुरेसं आहे, असं समजणारे फार भेटतात.

तोडणी मुकादम: ताईंचं बरोबर, पण फळाला पहिला हात आमच्या माणसांचा लागतो. "हात धुवा" असा फलक लावतात, आणि नळ बागेच्या दुसऱ्या टोकाला! जुलाब लागलेला माणूस मजुरी बुडेल म्हणून गप्प राहतो. त्याला घरी बसवा, पण मजुरी द्या. हे मालकांच्या प्रशिक्षणात सांगा.

पॅकहाउसवाली: मुकादमांचा मुद्दा माझ्या सफरचंदाच्या आधी घ्या, मास्तर.

बागेतला मास्तर: घेतो. रंग कुठला वापरता?

पॅकहाउसवाली: खायचा निळा. लाल घेऊ नका, सालीचाच रंग उतरला म्हणतात.